एकाच गोरखचिंचेचे दोन फोटो

चौसाळ्याला हायवेच्या कडेला माझा फोटो स्टुडिओ आहे. आमचं घर लिंगायत वाण्याचं. वडिलांचं किराणा दुकान होतं. मी कॅमेरा विकत घेतला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तेल-मीठ माणसाला रोज लागतंय. थोबाड काय रोज लागतंय का?" त्यांचा अंदाज चुकला. आता लोकांना थोबाडच रोज लागतं, फक्त त्यासाठी फोटोग्राफर लागत नाही. त्यामुळे हल्ली स्टुडिओत माझी सून बसते, झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो काढते, आणि मी बाहेर बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला न मागता मतं देतो.

या दिवाळी अंकाच्या संपादकांचं म्हणणं होतं, एवढ्या वर्षांत कोणाकोणाचे फोटो काढले ते लिहा. लग्नं मी पुष्कळ काढली, पण त्यातली बरीच जोडपी आता एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा तो विषय नको. मी झाडांवर लिहितो. झाड आपला फोटो बघून "मी एवढी काळी हाय का" असं विचारत नाही.

आमच्या मागं बालाघाटचा डोंगर आहे. सह्याद्री बघून आलेला माणूस याला डोंगर म्हटलं की हसतो. ट्रायपॉड खांद्यावर घेऊन एकदा वर चढला की हसायचा थांबतो, कारण हसायला दम उरत नाही. वर सगळं पठार, खुरटं गवत, मुरूम आणि मध्येच कुठंतरी एखादं म्हातारं झाड. वड, पिंपळ, चिंच. या झाडांचे फोटो मी दिवस मावळताना काढत आलो. त्यात सुरुवातीला कला वगैरे काही नव्हती. दिवसभर स्टुडिओ उघडा ठेवावा लागायचा, सुटका व्हायची ती संध्याकाळीच. चांगला फोटो त्याच वेळी येतो हे मला मागाहून कळलं आणि मग मी ते पहिल्यापासून माहीत असल्यासारखं सांगायला लागलो.

बाहेरच्यांसाठी सांगतो. जुन्या झाडाच्या पोटात काळोख असतो. भर दुपारी फोटो काढला तर आभाळ पांढरंफटक येतं आणि झाडाखाली डांबर सांडल्यासारखं दिसतं. संध्याकाळी ऊन आडवं होतं, फांद्यांच्या खालून आत शिरतं, खोडावरच्या गाठी आणि सुरकुत्या उठून दिसतात. सूर्य गेल्यावरही थोडा वेळ आभाळाचा आणि झाडाचा उजेड बरोबरीत असतो. पण उजेड कमी म्हणून कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात पान हललं की फोटोत त्या पानाचा धूर होतो. आमच्या डोंगरावर वारा तर थांबतच नाही. दिवस मावळताना तेवढा जरा दम खातो. ते वारं पडायची वाट बघत उभं राहायचं, हा सगळा धंदा.

असा एक पिंपळ मी मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावाल्याला मोठा करून दिला. त्याच्या भिंतीवरचं काश्मीरचं चित्र पोपडे धरून गळलं होतं. गिऱ्हाइकं विचारायची, हे कुठलं? तो सांगायचा, इथलंच, मागच्या डोंगरावरचं. कोणी विश्वास ठेवेना. शेवटी कंटाळून तो महाबळेश्वर सांगायला लागला, तेव्हा लोक फोटोसमोर उभे राहून सेल्फी काढू लागले.

दुसरं गिऱ्हाईक एका देवस्थानचे अध्यक्ष. त्यांना वडासोबत स्वतःचा फोटो हवा होता. आता झाड अख्खं घ्यायचं तर माणूस मुंगीएवढा येतो, आणि माणूस मोठा घ्यायचा तर झाडाची भिंत होते. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "आप्पा, मी हितंच उभा राहतो. तुमी झाड जरा मागं घ्या." मी त्यांना मावळतीकडं तोंड करून उभं केलं आणि पुरेसा मागं गेलो. फोटो बघून ते म्हणाले, झाड बरं आलंय.

पण लिहायचं आहे ते एका गोरखचिंचेबद्दल.

वर एक वाडी आहे. तिचं नाव देत नाही, कारण तिथली माणसं दिवाळी अंक वाचतात आणि मग खाली भांडायला येतात. वाडीकडं जाणारा कच्चा रस्ता जिथं शेवटचं वळण घेतो, तिथं हे झाड आहे. खोड एवढं जाड की दहा-बारा माणसांनी हात धरले तर कडं पुरं होईल, आणि फांद्या मात्र बोटभर वाटाव्यात अशा. गोरखनाथांनी काठी रोवली आणि तिला पालवी फुटली, असं वाडीत सांगतात. वय विचारलं तर पाचशे वर्षांच्या खाली कोणी बोलत नाही. या झाडाची खोड अशी की दिवाळीनंतर ते पानं टाकतं आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत उघडंबोडकं उभं राहतं. ज्याला माहीत नाही तो म्हणेल, मेलं.

त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या करायचं काम सुरू झालं. मी वारा पडायची वाट बघणारा, आणि ही माणसं वाऱ्यामागं हजार कोस आलेली. चक्कीचं एकेक पातं म्हणजे आडवी ठेवलेली पाण्याची टाकी वाटावी एवढं, ते घेऊन येणाऱ्या लांबलचक गाडीला त्या वळणावर वळता येईना. मध्ये गोरखचिंच.

चैत्रात एक माणूस स्टुडिओत आला. सेल्वम त्याचं नाव, ठेकेदाराचा साइटवरचा माणूस, तमिळनाडूचा. काळासावळा, शांत, डोक्यावर पिवळी टोपी. आमचं बोलणं हिंदीत व्हायचं, म्हणजे दोघांनाही न येणाऱ्या भाषेत.

"वो मोड पे सूखा पेड़ है," तो म्हणाला. "उसका फोटो चाहिए. परमिशन के लिए."

"सूखा नहीं है," मी म्हणालो. "सोया है."

त्यानं जरा विचार केला. "फोटो में सोया हुआ और मरा हुआ अलग दिखता है क्या?"

मी एवढी वर्षं धंदा केला, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. म्हणालो, नहीं.

गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. संध्याकाळी वर गेलो. वारं पडलं, मागं आभाळ तांबडं झालं, आणि त्यावर त्या निष्पर्ण फांद्या अशा उमटल्या की झाड उपटून उलटं लावलंय, मुळं वर. मी झाडाचा इतका चांगला फोटो आजवर काढलेला नाही. पाठीमागं स्टुडिओचा शिक्का मारला आणि दिला.

थोड्या दिवसांनी भिवा खाली आला. भिवा धनगर. पठारावर गोरखचिंचेपासून हाकेच्या अंतरावर त्याचा मेंढरांचा वाडा. माझ्याच वयाचा. आमची ओळख जुनी, कारण संध्याकाळी त्याची मेंढरं परतताना उठलेली धूळ मला फोटोत लागायची आणि तो ती उठवून द्यायचा. बाकड्यावर न बसता उभ्यानंच म्हणाला, "आप्पा, झाडाला नोटीस लावलीय. चार खिळे ठोकून."

"कसली?"

"झाड मेलंय, पडायला झालंय, लोकांच्या जिवाला धोका हाय. हरकत असंल तर सांगा म्हन्त्यात. अन् खाली तुमचा फोटो हाय."

"माझा?"

"तुमी काढलेला. वाडीत सगळ्यांनी वळखला. असला फोटो ह्या इलाख्यात दुसरं कोन काढतंय." मग त्यानं विचारलं, "कावून काढला, आप्पा?"

मी म्हणालो, समोर होतं ते काढलं. तो म्हणाला, "मंग आता दुसरं बी काढा."

दुसरा माझ्याकडं होताच. मागच्या आषाढात मी हौसेनं काढलेला. झाड हिरवंगार, आणि पानांत लांब देठांना लोंबणारी पांढरी फुलं. गोरखचिंचेचं फूल दिवस मावळताना उमलतं आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतं. मी तो फोटो मोठा केला, पाठीमागं शिक्का मारला आणि भिवाला दिला.

तालुक्याच्या ऑफिसात नवीन तहसीलदार मॅडम बदलून आल्या होत्या. त्यांच्यापुढं प्रकरण गेलं. एका बाजूला ठेकेदाराचा वकील आणि सेल्वम, दुसऱ्या बाजूला भिवा आणि वाडीची निम्मी माणसं. मॅडमच्या टेबलावर दोन फोटो. त्यांनी एक उलटा केला, शिक्का वाचला. दुसरा उलटा केला, तोच शिक्का. मला बोलावणं आलं.

"हे दोन्ही तुम्हीच काढलेत?"

"व्हय मॅडम."

"झाड एकच?"

"एकच."

"मग यातला खरा कोणता?"

"दोन्ही खरे हायत."

मॅडमनी चष्मा काढला. वकील म्हणाले, हिरवा फोटो जुना आहे, झाड त्यानंतर वाळलं. वाडीवाले म्हणाले, ते दर वर्षी वाळतं. वकील म्हणाले, दर वर्षी कोणी मरत नाही. गलका वाढला तसं मी म्हणालो, "मॅडम, माझे पन दोन फोटो हायत. एक लग्नातला, एक आत्ताचा. दोन्हीत मीच हाय."

"पण आप्पा, तुम्ही काही परत लग्नातल्यासारखे होणार नाही."

"मी न्हाई व्हनार. झाड व्हतंय."

सगळे हसले, वकीलसुद्धा. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी दोन्ही फोटो एकावर एक ठेवले आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांची जी सवय आहे, जिला आपण सगळे बेजार आहोत, तेच केलं. निर्णय पुढं ढकलला. पाऊस पडू द्या, पालवी फुटली तर झाड जिवंत, नाही फुटली तर तोडा. तोवर दर शनिवारी संध्याकाळी एकाच जागेवरून त्याचा फोटो काढायचा, आणि तो दोन्ही पक्षांना मान्य असलेल्या माणसानं काढायचा. असा माणूस एकच होता. एका बाजूनं पैसे घेतले तर माणूस विकला जातो. दोन्ही बाजूंनी घेतले तर तटस्थ ठरतो.

मग आमचे शनिवार सुरू झाले. मी फटफटीवर वर जायचो. सेल्वम यायचा, मी जुना हिरवा फोटो पुन्हा देत नाही ना हे बघायला. भिवा यायचा, सेल्वम बुंध्यात काही ओतत नाही ना हे बघायला. वाडीत आवई उठली होती की कंपनीची माणसं झाडाला ॲसिड घालणार. पहिल्या शनिवारी आम्ही तिघं तीन दिशांना तोंडं करून बसलो. दुसऱ्या वेळी भिवाची बायको सखुबाई वाड्यातून चहाची किटली घेऊन आली. भिवानं माझ्यासाठी ओतला, स्वतःसाठी ओतला, आणि मग जरा वेळानं तिसरा कप भरून सेल्वमपुढं सरकवला. म्हणाला, "पी बे. तुज्यात बी कुनी ॲसिड टाकलं न्हाई."

त्याला किती कळलं कोण जाणे, पण प्याला.

सेल्वमचं काम असं की जिथं वारा तिथं तो. एका डोंगरावरच्या चक्क्या फिरायला लागल्या की त्याचं काम संपलं, मग दुसरा डोंगर. त्यानं आम्हाला सांगितलं की उभ्या केलेल्या चक्क्या फिरताना त्यानं फारशा बघितलेल्याच नाहीत. गाव समुद्राकडं, आई एकटी. मोबाइलवर तिला व्हिडिओ कॉल लावायचा आणि झाड दाखवायचा. ती काहीतरी लांबलचक बोलायची. एकदा मी विचारलं, काय म्हणते? "पूछती है," तो म्हणाला, "इसको काटने को तेरे को भेजा क्या."

भिवा त्याला झाडाबद्दल सांगायचा. ह्याची फळं दुधीसारखी लोंबत्यात. ह्याचं लाकूड भेंडावानी मऊ, चुलीत घातलं तर धूर होतो, जाळ होत न्हाई. दाराला चालत न्हाई, बैलगाडीला चालत न्हाई. मी म्हणालो, म्हणजे काहीच कामाचं नाही. भिवा म्हणाला, "म्हनून तर वाचलं, आप्पा. बाजूला सागवान हुतं, बाभळी हुत्या. कामाची हुती. कवाच गेली."

पावसाची वाट बघणं आमच्याकडं नवीन नाही, पण त्या वर्षी ती वाट कॅमेऱ्यातून बघावी लागली. वैशाख गेला. मृग कोरडा गेला. मग खाली चौसाळ्यात एक पाऊस झाला, मांजरसुंब्याला झाला, पठारावर थेंब नाही. खालच्या झाडांना पालवी आली. गोरखचिंच तशीच. शनिवारमागून शनिवार मी तोच फोटो काढत होतो. दोन फोटो शेजारी ठेवले तर फक्त आभाळ बदललेलं. भिवाचं बोलणं कमी झालं. तो बुंध्याला पाठ लावून बसायचा आणि मध्येच हातानं साल चाचपायचा, आजारी माणसाचं कपाळ बघतात तसं. एकदा मला हळूच म्हणाला, "आप्पा, खरंच गेलं असंल का वो ह्या साली?"

मला वाटलं, माझा तो तांबडा फोटो भविष्य सांगणारा निघतो की काय.

तिकडं ठेकेदाराचा जीव वरखाली होत होता. पाती खाली हायवेला येऊन पडली होती. त्यानं अर्ज केला की आता पुरे झालं. मॅडमनी एक तारीख दिली, त्या दिवशी स्वतः येऊन बघणार आणि जागेवर निर्णय देणार. ती तारीख दोन शनिवारांवर आली.

त्यातल्या पहिल्या शनिवारी मी वळणावर पोचलो तर बुंध्याशी कंपनीचा टँकर उभा. रस्त्यावर धूळ बसवायला फिरतो तो. पाइप खाली सोडलेला, पाणी बुंध्याभोवतीच्या मुरमात चाललेलं, आणि पाइप धरून सेल्वम एकटा. मी गाडी लावेपर्यंत वाड्याकडून भिवा काठी घेऊन पळत येताना दिसला. या वयात माणूस असा पळताना मी बघितला नव्हता. त्याला ॲसिडच आठवलं असणार. शिव्या देत तो सरळ सेल्वमच्या अंगावर गेला आणि काठी उगारली.

सेल्वम मागं सरला नाही. त्यानं पाइप तसाच धरला, दुसऱ्या हाताची ओंजळ केली, पाणी घेतलं आणि तो ते प्याला. मग पुन्हा एक ओंजळ घेतली आणि भिवापुढं धरली.

भिवानं काठी खाली केली. बोट बुडवून जिभेला लावलं. त्याला धाप लागली होती.

"कावून?" त्यानं विचारलं.

हा शब्द एव्हाना सेल्वमला कळत होता. तो म्हणाला, "रोड पे धूल बहुत है."

झाडाच्या बुंध्यात रस्ता नव्हता. आम्ही तिघंही ते बघत होतो. टँकर रिकामा होईपर्यंत सेल्वमनं पाइप सोडला नाही. मी फोटो काढला तो टँकर निघून गेल्यावर, आणि ओली जमीन येणार नाही एवढा कॅमेरा वर धरून. मॅडमच्या अटीत झाडाचा फोटो होता, जमिनीचा नव्हता. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय, कारण सेल्वम आता आमच्याकडं नाही आणि त्या ठेकेदाराकडंही नाही.

त्यानंतर आठवड्यात पठारावरही पाऊस आला. त्यामुळे टँकरनं काही फरक पडला की नाही हे देवालाच माहीत. भिवा म्हणायचा, टँकरनं. सेल्वम म्हणायचा, बारिश. दोघं एकमेकांना श्रेय देण्यावरून हुज्जत घालायचे. पुढच्या शनिवारी मी कॅमेऱ्यात डोळा घातला तर फांदीच्या टोकाला हिरवं काहीतरी दिसलं. मला वाटलं, पोपट बसलाय. पोपट नव्हता.

मॅडमचा दौरा सरकारी रिवाजाप्रमाणं उशिरा झाला. दिलेली तारीख गेल्यावर पुष्कळ दिवसांनी, आणि सकाळची वेळ सांगून त्या संध्याकाळी आल्या. त्यामुळे झालं असं की झाड पानांनी भरून गेलं होतं, कळ्या लोंबत होत्या, आणि मॅडम खाली उभ्या राहून वकिलांशी बोलत असताना डोक्यावरची एक कळी सुटली. पाकळ्या मागं वळल्या, आतला झुपका बाहेर आला. मॅडम पुढं होऊन वास घ्यायला गेल्या आणि झटकन पदर नाकाला लावला. गोरखचिंचेच्या फुलाचा वास नासलेल्या कोबीसारखा असतो. हे त्यांना आधी सांगायला पाहिजे होतं, पण आमच्यातल्या कोणाला सुचलं नाही.

"जिवंत आहे," त्या पदरातून म्हणाल्या.

झाड वाचलं. पुढं त्याला जे सन्मान मिळाले ते बघून कधी कधी वाटतं की तुटलं असतं तर सुटलं असतं. वाडीनं सिमेंटचा पार बांधला, त्यावर संडासाला लावतात तसल्या चकचकीत फरश्या बसवल्या. पुरातन वृक्ष अशी पाटी आली, ती ठोकायला परत चार खिळे. आणि वर्ष सरताना कंपनीनं कॅलेंडर छापलं, वर मोठ्या अक्षरांत, झाडे वाचवा, निसर्ग जगवा. त्याखाली माझा फोटो. हिरवा नव्हे. तांबड्या आभाळावरचा तो वाळलेला. मी फोनवर विचारलं तर तिकडची मुलगी म्हणाली, तो जास्त कलात्मक वाटला, सर. नाव टाकायचं राहिलं होतं.

रस्ता मात्र कुठून तरी जायला हवाच होता. वळणाच्या अलीकडूनच तो चक्क्यांकडं वळवायचं ठरलं, आणि तिथं भिवाचं रान होतं. मेंढरांचा वाडा आणि त्यावर सावली धरणारे तीन कडुलिंब. भिवानं आणि सखुबाईनं लावलेले, हंड्यानं पाणी घालून जगवलेले. मला कळलं तसा मी वर गेलो. म्हणालो, भिवा, अर्ज कर. मी फोटो काढतो. मॅडम ओळखीच्या आहेत.

तो मेंढराच्या पायातला काटा काढत होता. "न्हाई आप्पा."

"त्या झाडासाठी काठी घेऊन पळाला होतास."

"ते गावाचं हुतं. गावाचं म्हनून भांडता आलं." काटा निघाला तसं त्यानं मेंढरू सोडून दिलं. "सवताच्यासाठी भांडायला उभं राहिलं की लोक म्हन्त्यात, ह्याला रक्कम वाढवून पायजे. अन् लिंब तो काय, लिंब. त्याला नोटीस बी लागत न्हाई."

तरी मी त्या संध्याकाळी लिंबांचे फोटो काढले. सखुबाईला मध्ये उभं केलं. वारं पडलं होतं, उजेड पाहिजे तसा होता, माझ्याकडून काही राहिलं नाही. पण फोटो साधाच आला. तीन लिंब आणि एक बाई. असा फोटो कोणाला दाखवला तर तो विचारतो, यात काय आहे? मलाही सांगता येत नाही. सखुबाईनं तो घेतला आणि पदरात गुंडाळून घरात नेला. झाडं पडली तेव्हा सेल्वम कामावर आला नव्हता. आजारी आहे म्हणून कळवलं होतं.

काम संपल्यावर तो निघाला तो स्टुडिओत येऊन. पुढच्या साइटच्या पाससाठी त्याला पासपोर्ट फोटो हवे होते. सुनेला बाजूला करून मीच काढले. जाताना त्यानं फुलाचा फोटो मागितला, आईसाठी. दिला. म्हणाला, वास के बारे में माँ को नहीं बताऊँगा.

परवा, श्रावणात, वर जाणं झालं. पाऊस उघडला होता, ऊन करकरीत. गोरखचिंचेच्या पाराशी एका नवरा-नवरीचं शूटिंग चाललं होतं, धुराच्या नळकांड्या वगैरे. मी थांबलो नाही. भिवाचं बिऱ्हाड आता पुढं, एका चक्कीच्या पायथ्याशी आहे. तिथं एकही झाड नाही. चक्कीच्या खांबाची सावली मात्र उन्हं कलली की लांब पडते. लांब, आणि जेमतेम एका मेंढरापुरती रुंद. त्या पट्ट्यात भिवाची सगळी मेंढरं एकामागं एक उभी होती, शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी राहावीत तशी. सावली सरकली की रांग सरकत होती. रांगेच्या शेवटी टॉवेल डोक्यावर टाकून भिवा.

"बगा आप्पा," तो म्हणाला. "एवढी वर्सं हाकली, कवा नीट चालली न्हाईत. कंपनीनं रांगेत उभं राहायला शिकिवलं."

मी ट्रायपॉड लावला. डोळा कॅमेऱ्याला लावला तर भिवा हात करून म्हणाला, "जरा दम धरा."

त्याच्या मागं एक मेंढी उन्हात राहिली होती. तो बाजूला झाला, तिला मानेला धरून आपल्या जागी सावलीत आणून उभी केली, आणि स्वतः उन्हात येऊन उभा राहिला.

"हां," म्हणाला, "आता काढा."